भोंगेमास्तरचा चोरखिसा

फाटक्या स्पीकरला पुन्हा बोलतं करण्यात अख्ख्या बाजारात भोंगेमास्तरचा हात धरणारा कुणी नव्हता. कागदी कोन फाटलेला असो की कॉइल जळलेली, मास्तर त्यातून आवाज काढायचाच. पण हल्ली त्याच्या बुडाला काटे फुटले होते. एक स्क्रू पिळायचा, दारापर्यंत जायचा, परत येऊन तोच स्क्रू पिळायचा, आणि मध्येच हात छातीवर ठेवून कुणाची तरी चाहूल घेतल्यासारखा थांबायचा.

छातीत डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं होतं. हृदयाचे ठोके भलतेच उधळले तर झटका देऊन त्यांना ताळ्यावर आणायचं, एवढंच त्याचं काम. नवं होतं तेव्हा मास्तर येईल त्याला सांगायचा, "आपल्या आत वायरमन ठेवलाय, बिनपगारी!" मग एक दिवस जड खोकं उचलून जिना चढताना छातीत घोडं उधळलं आणि वायरमनने अशी लाथ घातली, की मास्तर खोक्यासकट पायरीवर कोसळला.

"अहो, जीव वाचवला त्याने तुमचा," डॉक्टर म्हणाले.

मास्तरने मान डोलावली. वाचलेला जीव काही त्याला दिसला नाही. लाथ मात्र हाडात मुरली.

तेव्हापासून तो जिना टाळू लागला. हसणं आखडतं घेतलं. बायकोशी भांडणंही बंद केली, त्यामुळे तिला घर परक्याचं वाटायला लागलं. शेवटी त्याने अंथरूणही वेगळं घातलं. म्हणे, "उगाच तुलाही शॉक बसायचा."

आणि मग एका आठवड्यात मास्तर पुन्हा माणसात आला. शीळ घालत जिना चढला, दोन घास जास्त जेवला. बायकोचा जीव भांड्यात पडला. ती शिवणकाम करायची. या आनंदात तिने त्याच्यासाठी नवा शर्ट बेतला आणि दुकानामागच्या खोलीत त्याला बनियनवर उभा करून, तोंडात टाचण्या धरून, शर्ट अंगावर लावून पाहू लागली. खांद्याशी टाचणी नेली, तर ती बोटांतून उडी मारून बनियनला चिकटली. दुसरी नेली, तीही चिकटली.

बाईने टाचण्या तोंडातून काढल्या, बनियनच्या आत हात घातला. आतून एक चोरखिसा शिवलेला, आणि खिशात स्पीकरचा चुंबक.

"हे काय हो?"

"कामातला आहे. राहून गेला."

"आणि खिसा काय आपोआप उगवला? असला टाका गोणीला घालतात!"

मास्तर खिडकीकडे बघत राहिला. तिने हात काही बाहेर काढला नाही, तसा तो बोलला, "डॉक्टरच म्हणाले होते ना, चुंबक टेकला की यंत्र झोपतं. झटका देत नाही."

"चुंबक वीतभर लांब ठेवा म्हणून सांगत होते ते! तुम्ही धोका सोडून उपाय ऐकून आलात?"

"झोप लागली गं मला. इतक्या दिवसांनी."

"आणि जिन्यात पुन्हा घोडं उधळलं असतं तर?"

"तर एकदाचं काय ते झालं असतं. ती लाथ तू खाल्ली नाहीस."

"नाही खाल्ली. मी जिन्याखाली होते." तिचा आवाज एकदम खाली आला. "लाथ बसायच्या आधीच तुम्ही मान टाकली होती. डोळे पांढरे झाले होते. तुम्हाला नाही आठवत, मला आठवतं. तेवढ्यात मी विधवा होऊन परत आले."

हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

"काढतो," तो शेवटी म्हणाला. "उद्या."

"आत्ता."

"सोड मग मला. झटका बसेल तुला."

"विचारलंय मी डॉक्टरांना. मुंग्या आल्यासारखं होतं, बस्स." तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. "काढा."

त्याने चुंबक काढून तिच्या हातात दिला. त्याबरोबर छाती धडधडायला लागली. आता बसणार, आता बसणार. पाय जागच्या जागी चुळबुळू लागले.

"ऐकू येतंय का तुला?"

"येतंय. भित्र्या माणसाची धडधड आहे ती, उधळलेली नव्हे. फोन लावा डॉक्टरांना."

"काय सांगू?"

"जे मला सांगितलंत ते. यंत्रात काही कमीजास्त करता येत असेल तर करतील. भीतीवर औषध असेल तर देतील. लपवून ठेवलंत तर कुणाच्या बापालाही कळायचं नाही."

बाहेर दुकानात गिऱ्हाईक हाका मारू लागलं. मास्तरला तेवढंच निमित्त मिळालं. तो लगबगीने बाहेर निघाला, पण मनगट तिच्या हातातच होतं. टाचण्या टोचलेल्या अर्ध्या शर्टात तो गिऱ्हाइकासमोर उभा राहिला, मागोमाग बायको.

"मास्तर, झाला का आमचा स्पीकर?"

"बसा जरा," बायको म्हणाली. "त्यांना फोन करायचाय."

मास्तरने एका हाताने नंबर लावला. पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला. त्याने एकदा गिऱ्हाइकाकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे, घसा खाकरला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "मला त्या यंत्राची भीती वाटते हो. फार भीती वाटते."