रंगाऱ्यांच्या बोळातली हाक

दम्याच्या माणसाला आमच्या गावात वर जायला तीन वाटा होत्या, आणि तिन्हींत खोट होती. परभणी जिल्हा म्हणजे सगळा तव्यासारखा सपाट, असं लोक म्हणतात. त्यांनी आमचं गाव बघितलेलं नाही. जुनी वस्ती सगळी टेकाडावर, तिच्या डोक्यावर गढी आणि गढीच्या आत आमची शाळा. ज्यानं कुणी तिथं शाळा काढली त्याला पोरांचे पाय ठाऊक असतील, मास्तरांची छाती ठाऊक नव्हती.

दादा, म्हणजे माझे वडील, त्या शाळेत मास्तर होते आणि मी तिथंच नववीत. मानवतला त्यांची चांगली नोकरी चालली होती. घरातून निघालं की सरळ शाळेच्या दारात. पण बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर त्यांनी हट्टानं ह्या गावी बदली मागून घेतली, कारण हे त्यांचं जन्मगाव. ज्या गढीच्या आत आजोबांना पाऊल टाकता येत नव्हतं, तिथं खुर्चीवर बसून शिकवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. आणि आल्या आल्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांचा जुना दमा उसळला.

पहिली वाट पायऱ्यांची. वेशीतून आत शिरलं की काळ्या दगडाच्या पायऱ्या थेट वर जातात, एक गुडघ्याएवढी तर एक वितीएवढी. दादा मधेच थांबायचे आणि चपलेचा अंगठा नीट करायला वाकायचे. चपलेला काहीसुद्धा झालेलं नसायचं. मी पुढं जाऊन उगाच कुणाच्या तरी भिंतीवरची जाहिरात वाचत उभी राहायचे, कारण मी बघतेय हे त्यांना खपायचं नाही. त्यांच्या छातीतली शिट्टी मला तिथवर ऐकू यायची. मला रडू यायचं आणि त्याहून जास्त राग यायचा.

दुसरी गाडीवाट. बाजारातून वळसा घालून जाणारी, लांब, पण चढ असा की भरल्या गाडीचे बैलसुद्धा दमत नसत. आम्ही म्हटलं, झालं काम! पण ती वाट कापसाच्या वखारींसमोरून जायची, आणि मोसम होता. हवेत नुसता कापसाचा भुस्सा. थोड्याच दिवसांत दादांना आडवं होऊन झोपता येईना, भिंतीला टेकून बसायचे. माय म्हणाली, "पायऱ्यांनी दम जातो. ह्यानं जीव जाईल." परत पायऱ्या सुरू झाल्या.

त्यातच हेडमास्तरांनी ऐकवलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याचाही नाइलाज. "मास्तर, रोज प्रार्थनेला तुम्ही नसता. जमत नसेल तर खालच्या एखाद्या गावी बदली मागा." दादा घरी येऊन जेवले नाहीत. ते गढी सोडणार नव्हते आणि पायऱ्या त्यांना सोडणार नव्हत्या, हे मला त्या दिवशी लख्ख कळलं.

तिसरी वाट मला वर्गातल्या मैत्रिणीनं दाखवली. ती रंगाऱ्यांची लेक. टेकाडाच्या मागच्या अंगाला त्यांचा बोळ होता, मुसलमानांची पाच-सहा घरं समोरासमोर. लुगडी, साड्या रंगवून ह्या भिंतीपासून त्या भिंतीला दोऱ्यांवर वाळत घातलेल्या. रंगाचं पाणी वाहून जावं म्हणून फरशी हलक्या उतारानं बसवलेली. त्या लाल-हिरव्या सावलीतून मी वर गेले ते थेट शाळेच्या मागच्या दाराशी! मला साधी धापसुद्धा लागली नाही. आनंदानं मी मैत्रिणीला मिठीच मारली.

"पण एक हाय," ती म्हणाली. "मरद माणसानं बोळाच्या तोंडाशी थांबून आवाज द्यायचा. माणूस यायलाय, म्हणून. मग आमच्या घरच्या बायका आत होत्यात. त्या तिथंच उघड्यावर काम करायल्यात ना."

मला त्यात काही अवघड वाटलं नाही. पाटलापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिथं आवाज द्यायचे. दुसऱ्या दिवशी मी दादांना घेऊन गेले, वाट दाखवली, रीत सांगितली. ते बोळाच्या तोंडाशी उभे राहिले. वाळणाऱ्या साड्यांकडं बघितलं. आणि मागं फिरून पायऱ्यांकडं चालू लागले.

मला वाटलं, लाजायलेत. आमचे दादा तसे हळू बोलणारेच. वर्गात ओरडत नसत, अंगणातून मला हाक मारायची तर मारत नसत, उठून जवळ यायचे. म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा तिथवर ओढून नेलं आणि मीच खच्चून ओरडले, "माणूस यायलायऽऽ!"

दादांनी माझा दंड असा धरला की बोटं उमटली. मला ओढत त्यांनी पायऱ्यांपाशी आणलं आणि न थांबता चढायला लागले. अर्ध्यात ओठ पांढरे पडले. ते पायरीवर बसले, आणि ह्या खेपेला चपलेचं निमित्तसुद्धा केलं नाही. येणारेजाणारे बघत होते. दम परत आल्यावर म्हणाले, "माझा बाप ह्या गावात आवाज देत चालायचा. लोकांनी बाजूला व्हावं, त्याचा विटाळ होऊ नये म्हणून. मी त्याच्या मागं असायचो. एकदा त्याचा घसा बसला, आवाज निघाला नाही. भर चौकात मारलं त्याला. शाळेत नाव घातलं तवाच मी ठरवलं, रस्त्यानं चालायला आवाज द्यायचा न्हाई."

"पण दादा, ते येगळं. हितं बायकांचा पडदा हाय. पाटीलसुद्धा आवाज देतो."

"देऊ दे. पाटलाच्या बापाला कधी द्यावा लागला नव्हता."

त्या दिवशी मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि मागून पायऱ्या चढले. पण चार दिवसांनी ते घरी आले ते दोन पोरांच्या खांद्यावर, आणि मग माझा ताबा सुटला. "मग मरा की त्या पायऱ्यांवर! आवाज नका देऊ, मरा!" मायनं पाठीत असा धपाटा घातला की मी भिंतीवर आदळले. दादांनी डोळे मिटून घेतले होते. माय चुलीपुढं जाऊन रडत बसली.

मी तशीच उठून रंगाऱ्यांच्या बोळात गेले. मैत्रिणीची आजी त्या बोळातली सगळ्यांत थोरली, सारे तिला अम्मा म्हणत. कोपरापर्यंत हात निळे, तोंडात पान, आणि जीभ अशी तिखट की तिच्या सुना चळाचळा कापायच्या. ती साडी पिळत होती. मी सगळं सांगून टाकलं. आजोबांचं, चौकाचं, दम्याचं, सगळं. तिनं पिळायचं थांबवलं. मग साडी झटकत म्हणाली, "बाप कू बोल, चलना उसका काम. चिल्लाना मेरा. मेरी गल्ली, मेरी बहुआं, मैं आवाज देती."

दादांना मी अम्माचा निरोप सांगितला, पण ते कसे तयार झाले, ते मायलाच ठाऊक. रात्रभर तिनं त्यांच्याशी काय बोलणं केलं, मला कळलं नाही. सकाळी आम्ही बोळाशी आलो तर अम्मा तोंडाशीच वेताच्या मोढ्यावर बसलेली. दादांना बघताच तिनं मागं तोंड करून अशी आरोळी ठोकली की दोरीवरचे कावळे उडाले, "अगे अंदर होव सब! मेरा मास्टर आया!"

दादा जागचे हलेनात. "आता काय पालखी आनू?" अम्मा खेकसली. तेव्हा त्यांनी हात जोडले आणि आत पाऊल टाकलं. ओल्या साड्यांखालून ते हळूहळू वर गेले, कुठंही न थांबता. त्या दिवशी ते प्रार्थनेला उभे होते.

पुढं आठेक महिने तसंच चाललं. दादा तिच्याशी जास्त बोलत नसत. ती म्हणायची, "दम ले, दम ले, शाळा भागती नई." ते मान हलवायचे. पण मला सुख नव्हतं. अम्मा म्हातारी होती, आणि रोज वळणावर येताच मी आधी मोढा बघायचे. ती नुसती शिंकली तरी मी मैत्रिणीकडं तिच्या तब्येतीची चौकशी करायचे. आमच्या दादांचा श्वास त्या म्हातारीच्या घशात अडकलेला, असं काहीतरी झालं होतं.

पावसाळ्याच्या शेवटाला अम्मा गेली. तापाचं निमित्त झालं. दादा मयतीला गेले, कबरस्तानापर्यंत सावकाश चालत. मग काही दिवस त्यांनी पायऱ्याच धरल्या. त्यांच्या घरात दुखवटा आहे, तिथून जाणं बरं दिसत नाही, म्हणाले. शिट्टी पुन्हा वाजायला लागली. चपलेचा अंगठा पुन्हा नीट होऊ लागला. ह्या खेपेला मी त्यांना बोळाकडं ओढलं नाही. ओढून काय व्हायचं ते मला आता ठाऊक होतं.

मग एका सकाळी वेशीत आल्यावर दादा आपणच बोळाकडं वळले. मोढा तिथंच होता, रिकामा. साड्या वाळत होत्या. आत बायकांचे आवाज, पाण्याचे आवाज येत होते, म्हणजे सगळ्या बाहेरच होत्या. मी ओठ घट्ट दाबून धरले. दादांनी एकदा मागं पायऱ्यांच्या दिशेनं बघितलं. मग मोढ्याकडं बघितलं. त्यांचा हात मोढ्याच्या काठावर गेला आणि तिथंच राहिला.

"अम्माऽ!"

एवढा मोठा आवाज त्यांच्या छातीत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आतलं सगळं थांबलं.

"अम्माऽ, मी यायलोय!"

एक दार लागलं, मग दुसरं. कुणीतरी सून हुंदके देत आत पळाली. दादांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि साड्यांखालून चालू लागले. मी मात्र तिथंच मोढ्यापाशी बसून राहिले.