रश्मी आधी लेबल वाचते

भवानीनगरात धम्मदीप मेडिकलसमोर एक बाक आहे. सकाळी दहापासून जेवणवेळेपर्यंत त्यावर मी बसतो. कारखान्याच्या काट्यावर एकतीस वर्षं काढली, उसाच्या गाड्यांची वजनं केली. त्यामुळे माणूस नुसता बघून तो किती पाण्यात आहे ते सांगायची मला खोड लागली आहे. दुकानाची मालकीण रश्मी सोनवणे मात्र मला अजून नीट तोलता आलेली नाही.

कारखान्यातल्या श्रीपती फिटरची ही पोरगी. चाळिशीला आली, फार्मसी शिकलेली आणि बोलायला तुसडी. खोकल्याचं औषध मागितलं की आधी विचारणार, कोरडा का ओला, कधीपासून, बीपीची गोळी चालू आहे का. गिऱ्हाईक वैतागतं. मीही पूर्वी वैतागायचो. "दुकान हाय का पोलीस चौकी?" असं एकदा तोंडावर म्हणालो होतो. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही, माझ्याच गोळीचं पाकीट उलटं करून तारीख वाचत बसली.

आमच्याकडं औषधाचं नाव कुणी सांगत नाही. गोळ्या संपल्या की रिकामी पट्टी खिशात घालायची आणि दुकानात जाऊन "ही द्या" म्हणायचं. रश्मीला कुणाची पट्टी कधी संपते ते तोंडपाठ. कुणी वेळेवर आलं नाही की ती अस्वस्थ होते. दुकानदाराला गिऱ्हाईक चुकल्याचं वाईट वाटतं, पण हिचं तसलं नव्हतं, हे मला गेल्या वर्षी कळलं.

मंगळवार होता. काउंटरवरूनच तिनं विचारलं, "तात्या, शेळगावचे दादासाहेब दिसले का कुठं? नातीची पट्टी शनिवारीच संपायला पायजे होती."

मी बाकावरून उठून काउंटरपाशी गेलो. दादासाहेब का आला नाही, ते मला ठाऊक होतं.

पंधरा दिवसांपूर्वी मी आणि दादासाहेब बारामतीला शेतीच्या प्रदर्शनाला गेलो होतो. तिथं एका स्टॉलवर लांबट बोटांसारख्या हिरव्या पानाचं चित्र असलेल्या बाटल्या मांडल्या होत्या. विकणारा इस्त्रीच्या शर्टात. म्हणाला, हे हेम्पचं तेल, गांजा नव्हे, नशा शून्य; यातल्या सीबीडी नावाच्या द्रव्यानं गुडघे, झोप, फिट, सगळं बरं होतं. मी गुडघ्यासाठी एक घेतली. आणि शहाणपण एवढ्यावर थांबलं नाही. दादासाहेबाला म्हणालो, "घेऊन टाक. राजनंदिनीच्या गोळ्या सुटतील."

राजनंदिनी म्हणजे त्याची नऊ वर्षांची नात. दोन वर्षांपासून तिला फिट येते. गोळ्यांनी फिट आवरली होती, पण पोरगी वर्गात बसल्या बसल्या पेंगायची. आजोबाचा जीव त्यात अडकलेला. मी तेवढंच नेमकं हेरून बोललो होतो.

हे सगळं मी रश्मीला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं शटर ओढलं आणि स्कूटीला किल्ली लावली. "बसा मागं. घर तुमाला ठाव हाय."

दादासाहेब बागेत पेरूंना पिशव्या घालत होता. रश्मीला बघून खुशीत आला. "मॅडम, गोळ्या बंद! चार दिस झालं, नुसत्या तेलावर हाय. एकदाबी फिट न्हाय. पोरगी साळंत टकाटक जागी!"

त्याचा चेहरा इतका उजळला होता की मला मान वर करवेना. रश्मी शांतपणे म्हणाली, "बाटली दावा की, आबा."

सून अनिता बाटली घेऊन आली. रश्मीनं पुढची बाजू पाहिलीसुद्धा नाही. उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचली. एवढ्यात अनिता हळूच म्हणाली, "ताई, काल सकाळी तिचा हात झटकत व्हता. डोळं फिरवलं वाईच. मामंजींना सांगितलं न्हाय. त्यांचा आनंद बघून जीभच उचलंना."

दादासाहेबाच्या हातातली पिशवी खाली पडली.

"आबा, बसा," रश्मी म्हणाली. बांधावर त्याच्या शेजारी तीही बसली. "गांजा आन् हेम्प झाड एकच, वाण निराळा. चाऱ्याचा मका आन् स्वीटकॉर्न, तसं. गांजाच्या वाणात नशेचा अंश लई, हेम्पमंदी नावाला. तितपत तो माणूस खरं बोलला. पण ते सीबीडी असतं पानाफुलात. ही बाटली हाय बियांच्या तेलाची, हितं लिवलंय बघा. करडईच्या पाकळ्यांचा काढा आन् करडईचं तेल एकच का?"

"न्हाय."

"मग. हे खायचं तेल हाय. चटणीवर घाला, चांगलं हाय. फिट थांबवायचं यात कायबी न्हाय."

दादासाहेबानं पडलेली पिशवी उचलली. मग हट्टानं म्हणाला, "मंग पानाफुलाचं आणतो."

मी मनात म्हटलं, आता ही भडकणार. पण नाही. "मिळतं की," ती म्हणाली. "लेबलावर विजया, म्हंजी भांगेचं आयुर्वेदातलं नाव, लिवलेलं असतं, परवान्याचा नंबर असतो, सीबीडी किती आन् नशेचा अंश किती तेबी छापलेलं पायजे. चिठ्ठीबिगर मी देत न्हाय. फिटच्या काही पेशंटला डॉक्टर सीबीडी देत्यात, पण गोळ्या चालू ठेवून, रक्त तपासून. कुणाला द्यायचं ते त्यांनीच ठरवायचं. गोळी एकदम तोडली की फिट जोर करून येती, आबा. लेकरू पाण्याच्या कडंला असलं, चुलीपाशी असलं, तर?"

तिनं तिथूनच बारामतीच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळी आत्ताच सुरू करा, उद्या सकाळी घेऊन या, असं ते म्हणाले. पट्टी तिनं येतानाच पर्समध्ये टाकून आणली होती. शाळेतून जेवायला घरी आलेल्या राजनंदिनीनं तोंड वाकडं करत गोळी गिळली.

निघताना रश्मीनं विचारलं, "ती वर्गात पेंगती, हे डॉक्टरांना कधी सांगितलं का?"

दादासाहेबानं जमिनीकडं पाहिलं. "डॉक्टर विचारत्यात, कसं हाय? आमी म्हणतो, बरं हाय. एवढा मोठा माणूस, त्याच्यापुढं कुरकुर कशी करायची?"

मी हसलो असतो, पण मीही डॉक्टरपुढं तेच म्हणत आलोय. आमच्या अख्ख्या तालुक्याची ही रीत. दवाखान्याबाहेर तासभर कण्हायचं आणि आत गेल्यावर बरं आहे म्हणायचं. दोन वर्षं त्या लेकरानं झोपेत काढली, ती या एका वाक्यापायी. आणि वर मी तिला बियांचं तेल पाजायला लावलं. त्या क्षणी मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी रश्मीनं दुकान उघडलंच नाही. पहिल्या एसटीनं ती बारामतीला आमच्याबरोबर आली. दवाखान्यात राजनंदिनी आजोबाच्या मांडीला टेकून पेंगत होती. एकतीस वर्षं मी भरलेल्या गाड्या पाहिल्या, पण दुसऱ्याच्या लेकरासाठी स्वतःचं काम बाजूला ठेवून अशी निमूट रांगेत बसलेली माणसं फार थोडी पाहिली.

नंबर आला. डॉक्टरांनी कागद पुढं ओढला आणि नेहमीसारखं विचारलं, "काय आबा, कसं काय?"

"बरं..." दादासाहेबाच्या तोंडून सवयीनं निघालंच. तो थांबला. रश्मी नुसती त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बरं न्हाय, डॉक्टर," तो म्हणाला. "माझी नात दिसभर झोपती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली.