लोणावळ्याच्या फलाटावरचं भाषण

ते भाषण आजही कोणी म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो, आणि लगेच स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आमच्या टाकवे गावच्या जत्रेतल्या नाटकात सेनापती कायम मी. घर मुसलमानाचं, बाप किराणा विकायचा. पण गावाला त्याचं काही नव्हतं. आवाज माझा होता. तिसऱ्या अंकात मूठभर मावळ्यांसमोर अफाट फौज उभी राहते. सेनापती जहागिरीचं आमिष दाखवत नाही, जिंकू असंही म्हणत नाही. उलट म्हणतो, ज्याला घरची आठवण येते त्यानं आत्ताच माघारी फिरावं, मी नावं ठेवणार नाही. आणि कोणीच फिरत नाही. एवढ्यावर अख्खी जत्रा वेडी व्हायची. जायची मोकळीक दिली की माणसाला जायची लाज वाटते, हे लिहिणाऱ्याला बरोबर ठाऊक होतं. मला मात्र ती माझ्या छातीची करामत वाटायची.

पहिल्या महायुद्धात एका वर्षी फौजेचा भरतीवाला नाटकाला येऊन पुढं बसला. दुसऱ्या सकाळी चार पोरांनी नावं दिली. त्यात माझा दोस्त होता, नाटकात माझ्या उजव्या हाताला उभा राहणारा मावळा. विधवेचा एकुलता एक. आईला न सांगताच तो लोणावळ्याला गेला. तिथं मावळभरची पोरं जमवून सगळ्यांना गाडीनं पुण्याला नेणार होते. पुण्यात डॉक्टरनं पास करेपर्यंत नाव मागं घेता येत होतं.

त्याची आई दुकानात आली. मला वाटलं, आता शिव्या बसणार. ती हातानं चाचपडत पोत्यावर टेकली.

"मला दिसंना झालंय, लेकरा. चुलीतला जाळ तेवढा कळतो. त्याला ठाव न्हाई, मीच लपवलं. तू जाऊन सांग. तुजं ऐकून गेला, तुजं ऐकून येईल."

मी कामशेतला गाडी धरली. लोणावळ्याच्या फलाटावर मावळातली तीस-चाळीस पोरं तोंड पाडून उभी होती. मला पाहून दोस्ताचा चेहरा फुलला.

"सेनापती आलं रं!"

"बाजूला ये. घरचं काम हाय."

"येतो. आदी भाषण म्हण. पोरं लय भ्यालीत."

मी स्वतःला समजावलं, घरची आठवण येते त्यानं फिरावं, एवढं वाक्य आलं की तिथंच थांबायचं आणि त्याला सांगायचं. सुरुवात केली. हमालांनी डोक्यावरचे बोजे खाली ठेवले. ते वाक्य आलं. मी त्याच्याकडं पाहिलं. तो नाटकातल्यासारखाच ताठ उभा होता, डोळे भरलेले. पण पुढचं वाक्य ओठांवर आलं, आणि खोटं कशाला बोलू, फार छान आलं.

भाषण संपलं. आता त्याचा दंड धरून बाजूला न्यायचं, एवढंच काम उरलं होतं. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "वन्समोर!" मग सगळेच. आम्हा नाटकवाल्यांना वन्समोर मिळाला की नाही म्हणता येत नाही. मी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली.

मी मध्यावर असताना गाडी आली. पोरं भाषण ऐकतच डब्यात चढली. तेव्हा कुठं मला जाग आली. गाडीबरोबर धावत मी ओरडलो, "तुज्या आईला दिसंना झालंय रं!" आत जयघोष चालला होता. त्यानं हसून हात हलवला.

परत आलो तेव्हा त्याची आई दारातच बसली होती. पावलं ओळखून म्हणाली, "सांगितलंस?"

मी म्हणालो, "व्हय, मावशी."

"तरी गेला?"

खरं सांगायला तेवढी एकच वेळ होती, पुण्यातला डॉक्टर अजून बाकी होता. मी पुन्हा व्हय म्हणालो.

तो परत आला नाही. ती सहा वर्षं जगली. कोणी पोराचं विचारलं की शांतपणे सांगायची, "त्याला ठाव हुतं. तरी गेला."