दिवाळसणाची बाटली

माझ्या पहिल्या दिवाळसणाला नवऱ्याने माझ्या बाबांच्या हातात वाइनची बाटली ठेवली. आमच्या हैदराबादमधल्या हिमायतनगरच्या घरात तोवर दारू हा शब्दसुद्धा हळू आवाजात म्हणत. नवरा तेलुगू. त्याच्याकडे सणाला सासरे-जावई गच्चीवर ग्लास घेऊन बसतात आणि खालून बायका भजी पाठवतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ओवाळताना पाटावर कसं बसायचं, तबकात काय टाकायचं, सगळं मी त्याला पढवून ठेवलं होतं. पिशवीत काय आहे, तेवढं विचारायचं राहिलं.

‘‘मामगारू,’’ तो म्हणाला, तेलुगूत सासऱ्याला असंच म्हणतात, ‘‘ये जित्ती पुरानी, उत्ती अच्छी.’’

बाबांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, ‘‘अच्छा’’ म्हणाले आणि आत गेले. परत आले ते रिकाम्या हातांनी. आईने घाईघाईने अनारसे पुढे केले.

बाबांना हे लग्न नको होतं. त्यांनी अडवलं नाही, पण मनापासून हो असंही कधी म्हटलं नाही. जावयाशी ते पाहुण्याशी बोलावं तसं बोलत. ट्रॅफिक कैसा था, चाय लेंगे, संपलं. त्यांनी त्याला एकदा आपलं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. बाटली त्यांनी मोरीत ओतली असणार हे मी धरूनच चालले होते. दर दिवाळीला त्या घराचा जिना चढताना माझं डोकं आधीच तापलेलं असे. नवरा मात्र थंड. ‘‘दे दिया तो दे दिया. पूछना कैकू?’’ म्हणायचा.

त्याला वाइनचा भारी नाद. आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या साड्यांना जागा नाही, पण कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात वाइनच्या बाटल्या आडव्या पहुडलेल्या असतात. वाइन बुचाला भिडलेली राहिली पाहिजे, बूच सुकलं की आकसतं आणि हवा आत शिरते, हे मला आता पाठ झालं आहे. बूच लावलेली बिअर मात्र उभी ठेवायची, म्हणजे तिचा गाळ तळाशी बसतो. उजेड नको, उष्णता नको, हलवाहलव तर मुळीच नको. मे महिन्यात हा माणूस रोज त्या खणात हात घालून गारवा बघतो, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवावा तसा.

यंदा पाडव्याची जेवणं झाली आणि बाबा उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्याखालचं कपाट उघडून, लोणच्याच्या बरण्या बाजूला सारून त्यांनी मागून काहीतरी काढलं आणि आणून टेबलावर ठेवलं. तीच बाटली होती. तोंडावर पांढऱ्या मलमलीचा दादरा होता, आई बरणीला बांधते तसाच, दोऱ्याने घट्ट बांधलेला.

‘‘अब मुरी होंगी,’’ बाबा नवऱ्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जरा ऐटीतच, ‘‘दर महिन्याला हलवत होतो. कोरड्या हाताने. तळाशी साका बसू दिला नाही.’’

‘‘मला हात लावू देत नव्हते,’’ आई म्हणाली. ‘‘बरण्या हलवायला मी आणि बाटली हलवायला हे.’’

इतकी वर्षं उभी, शेगडीच्या खाली, हैदराबादचे सगळे उन्हाळे सोसून, वर दर महिन्याला हलवलेली. जे जे करू नये ते सगळं बाबांनी मन लावून केलं होतं. मला एकदम रडू आलं, आणि हे आधी सांगायला काय झालं होतं म्हणून रागही आला. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

उघडताना बुचाचा भुगा झाला आणि निम्मा आत पडला. आईने चहाची गाळणी आणून दिली. नवऱ्याने स्टीलच्या पेल्यात थोडी गाळून घेतली. व्हिनेगरचा वास थेट माझ्यापर्यंत आला. बाबा निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

तो एक घोट प्यायला. ‘‘फर्स्ट क्लास, मामगारू,’’ म्हणाला आणि दुसरा घोट घेतला.

जन्मात थेंबाला न शिवलेल्या बाबांनी हात पुढे केला, त्याच्या हातातला पेला घेतला आणि तोंडाला लावला. त्यांचा चेहरा कसनुसा झाला. घोट मात्र त्यांनी गिळला.

‘‘ये तो सिरका हो गया,’’ ते म्हणाले. ‘‘आप कैकू पी रहे?’’

‘‘आप रखे थे ना मेरे वास्ते,’’ नवरा म्हणाला.

बाबांनी खुर्ची त्याच्या जवळ ओढली. मग कसं ठेवायला हवं होतं, ते त्यांनी नीट विचारून घेतलं. नवरा सांगत गेला आणि ते मान डोलावत ऐकत राहिले. शेवटी पेला त्याच्यापासून दूर सरकवून म्हणाले, ‘‘दूसरी लाओ बेटा. लेकिन जल्दी पीने की लाओ. इत्ते साल मुराने को अब मेरे पास टाइम नहीं.’’

पुढच्या दिवाळीची वाट न बघता नवरा त्या रविवारीच बाटली घेऊन गेला.