आळणी नवस

माझ्या नवऱ्याचे तळहात काळे पडायला लागले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी दोष चंद्रकळेला दिला. बेळगावला लागून असलेल्या वडगावात आमच्या घरी हातमाग होता आणि त्या साली त्यावर काळ्या चंद्रकळाच निघत होत्या. काळ्या सुताचा रंग विणणाऱ्याच्या हाताला लागतोच. लिंबू आणि राख लावून घासला की जातो. ह्यांचा जाईना. हातावरच्या रेषा कुणी शाईनं गिरवल्यासारख्या दिसायच्या. मी घासून घासून त्यांचं कातडं सोलायचंच बाकी ठेवलं होतं. मग एकदा हसताना त्यांच्या हिरड्या दिसल्या, त्याही काळ्या. हिरड्यांनी कोण लुगडं विणतं?

माणूस मुळात थंड डोक्याचा. नवी नवरी होऊन आले तेव्हा रहाटावर कांड्या भरायला मला ह्यांनीच शिकवलं. माझ्या हातून सूत तुटायचं आणि हे नुसते हसायचे. माझीच जीभ तिखट, त्यांची नव्हे. तोच माणूस आता धागा तुटला की हातातला विणायचा धोटा भिंतीवर भिरकावायचा आणि मग तोंड फिरवून रडायचा. मागाखाली पाय सोडून बसायच्या खड्ड्यातून उठून वर येताना डोळ्यांपुढं अंधारी यायची, खांबाला धरून उभे राहायचे. अन्न जाईना. मीठ मात्र मागायचे. भाकरीवर खडेमीठ घेऊन खायचे, लोणच्याचा खार वाटीनं प्यायचे. शेजारणी थट्टा करायच्या, तुला लागायचे ते डोहाळे ह्यालाच लागले बघ. मीही हसायची.

सासूला मी आत्या म्हणायची. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालेली बाई, त्याच मागावर बसून तिनं हा एक मुलगा वाढवला होता. मुलाचा काळवंडलेला चेहरा आणि नसती चिडचिड बघून तिनं एकच ताडलं, देवीचा कोप. ती देवळात गेली आणि नवस बोलून आली, की जत्रेपर्यंत माझा मुलगा आळणी जेवेल. आळणी नवस आमच्याकडे पुष्कळजण बोलतात. माणसाला जे सगळ्यात आवडतं तेच देवाच्या पायाशी सोडायचं, अशी रीत. ह्यांना काय आवडत होतं ते तर साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. मुलाबरोबर आत्यानं स्वतःही मीठ सोडलं. तिच्या मायेत खोट नव्हती, हे मी तेव्हाही म्हणत होते.

त्या साली देशभर मिठावरनं रान पेटलं होतं, मूठभर मिठासाठी माणसं तुरुंगात जात होती. आमच्या घरात मिठाचं मडकं आत्यानं शिंक्यावर चढवलं आणि मला हात लावायची बंदी केली.

थोड्याच दिवसांत हे अंथरुणाला खिळले. पाणीसुद्धा उलटून पडायचं. एका दुपारी आत्या देवळात गेलेली बघून त्यांनी माझं मनगट धरलं. "एक खडा दे गं मिठाचा. आईला सांगू नगं." मी ताकात चांगलं मूठभर मीठ कालवलं आणि पाजलं. उन्हं कलेपर्यंत ते उठून बसले. मग रोज तेच चाललं. शेजारणीकडून मीठ आणायचं, पदराला गाठ मारून ठेवायचं, आत्याची पाठ फिरली की ताकातून द्यायचं. आठवड्याभरात ते अंगणात आले. मग मागावर बसले. एकदा माझ्या नाक मुरडण्याची नक्कल करून हसलेसुद्धा. त्या हसण्यासाठी मी देवीचंच काय, कुणाचंही पाप डोक्यावर घेतलं असतं.

आत्याला आनंद मावेना. नवस पावला म्हणून तिनं गल्लीत गूळ वाटला. माझ्या मिठानं जे केलं ते सगळं देवीच्या नावावर गेलं, त्याचं मला काही वाटलं नाही. पण देवी एवढी पावलीच आहे तर नवस पुढच्या जत्रेपर्यंत वाढवायचा, असं आत्यानं ठरवलं. गुंजीला तिचं माहेर होतं. तिथल्या रानातली हवा चांगली, भावाच्या घरी मुलाला न्यायचं आणि आपल्या हातानं आळणी रांधून घालायचं, असा तिचा बेत. तिथं तिच्या नजरेआड मीठ देणं मला जमलं नसतं. मी तिच्यापुढं जाऊन सांगितलं, "आत्या, ते नवसानं न्हाय उठलं. मी ताकातनं मीठ देत हुतो."

ती ओरडली नाही. तिचा चेहरा इतका उतरला की मीच घाबरले. "म्हंजे नवस मोडलास तू," एवढंच ती म्हणाली, आणि लगेच गाठोडं बांधायला लागली. मला बरोबर न्यायचं नाही, हेही त्याच दमात ठरलं. मी ह्यांच्या हातापाया पडले. ते म्हणाले, "तिनं माझ्यासाठी जलम काढलाय गं. म्हैनाभर जातो, तिचं मन राखतो. मागनं न्यायला ये." मी स्टेशनवर गेले. गाडी हलली तेव्हा आत्यानं त्यांच्या खांद्यावर घोंगडी नीट ओढून घातली. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

महिना भरलाच नाही. गुंजीहून मामा सांगावा घेऊन आले. उलट्या लागल्या, अंग गार पडत गेलं, आणि गेले.

शेजारणीकडून मिठाची गोष्ट फुटली, आणि खाल्ल्या मिठाला जागली नाही, असं गल्ली माझ्याबद्दल बोलली. आत्या चारचौघांत कधी बोलली नाही, पण मिठाच्या मडक्याला तिनं मला पुन्हा हात लावू दिला नाही. स्वतः ती आळणीच जेवत राहिली, मोडलेल्या नवसाची भरपाई म्हणून. मी भांडकुदळ बाई, माझ्या तोंडाला कुणी लागत नसे. पण ह्या एका गोष्टीवर मला तोंड नव्हतं, कारण मलाही तेच खरं वाटायचं. मीच नवस मोडला आणि मीच त्यांना मारलं, असं समजून मी कित्येक वर्षं झोपले आणि उठले.

माग बंद पडला. मी बेळगावात एका दवाखान्यात आया म्हणून लागले. पुढं दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत एक शेतकरीण तिथं आणली. तळहाताच्या रेषा काळ्या, हिरड्या काळ्या, उठली की पडायची, नवऱ्यावर खेकसायची आणि मीठ मागायची. मी हातातलं भांडं तसंच खाली ठेवलं. डॉक्टरीणबाईंना मी धीर करून विचारलं, हे कसलं दुखणं.

त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहानशा ग्रंथी असतात. मेंदूकडून हुकूम सुटतो आणि त्यांचा रस रक्तात उतरतो. अंगात मीठ टिकतं ते त्या रसामुळं, आणि ताप, भीती, दगदग सोसायचं बळही त्याचंच. क्षयासारख्या रोगानं त्या ग्रंथी वाळल्या की माणूस काळवंडतो, गळून जातो. त्याचा स्वभावच पालटतो, चिडतो, रडतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. रोग समूळ जात नाही, पण मीठ भरपूर दिलं तर माणूस काही काळ तगतो. मी विचारलं, आणि मीठ तोडलं तर? तर लवकर जातो, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, एकीनं नवऱ्याला चोरून ताकातून मीठ पाजलं होतं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तेवढे दिवस तिनंच त्याला जगवलं."

दवाखान्यामागच्या धुण्याच्या दगडावर बसून मी ऊर फुटेस्तोवर रडले. मग राग आला. वडगावची वाट मी पळतच काटली. आज आत्याच्या तोंडावर एकेक शब्द फेकायचा, तुझ्या मायेनं तुझा मुलगा खाल्ला असं सांगायचं, हे मनाशी घोकत होते.

आत्या उंबऱ्यात बसली होती. डोळ्यांनी अधू झालेली, पावलांवरून मला ओळखायची. तिनं हात पुढं करून मला जवळ बसवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "लई दिस झालं, सांगीन सांगीन म्हणत हुतो. तू नवस मोडलास ते मी पोटात घातलं गं. तुझ्यावर माझा राग न्हाय."

 तिच्या नवसानंच मुलगा लवकर गेला हे तिला सांगितलं तर ती उरलेलं आयुष्य कशी काढणार होती? मी खाली वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाले, "उपकार झालं, आत्या."