पिस्तुलावरचा पिवळा ओरखडा

माझे वडील दौंडजवळच्या एका पोलीस कॅम्पात हत्यारं दुरुस्त करायचे. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, बाकी सगळा कॅम्प मामा. ते गेल्याला आता दोन महिने होतील. त्यांच्याबद्दल एकच प्रसंग नीट लिहावा असं वाटतं, पण रोज चार-पाच ओळींपलीकडे हात चालत नाही.

नव्वदनंतरची वर्षं. शिरूरच्या कॉलेजातून बी.ए. होऊन मी त्याच कॅम्पच्या ऑफिसात कारकून लागलो होतो. फायरिंगच्या दिवशी मैदानाच्या कडेला टेबल टाकून मी रजिस्टर लिहीत बसायचो. जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढ्या रिकाम्या पितळी पुंगळ्या परत आल्या पाहिजेत, असा नियम. एक जरी कमी भरली तरी ज्याच्या हातून ती उडाली त्याच्यावर रिपोर्ट.

त्या दिवशी एक कमी भरली. शेवटी पिस्तूल चालवलेला शिपाई आमच्याच शिरूर भागातला, नुकतं लग्न झालेला. हवालदाराच्या परीक्षेच्या यादीत त्याचं नाव होतं; रिपोर्ट झाला की ते कापलं जाणार. पिस्तुलातून पुंगळी उजवीकडे, थोडी मागे पडते. म्हणून सगळी तुकडी उजवीकडचं वाळलेलं गवत गुडघ्यांवर बसून चाचपत होती. कुरकुंभच्या कारखान्यांकडून केमिकलचा वास येत होता, ऊन डोक्यावर आलं होतं.

"बायकूचा डूल हरवला असता तर एवढा शोधला असतास का रं?" कुणीतरी म्हणालं.

"तिचा डूल हरवला तर रिपोर्ट न्हाई होत," तो म्हणाला. हसणारे हसले. त्याचा चेहरा मात्र उतरला होता.

तेवढ्यात आप्पा शस्त्रागारातून चालत आले. "मागं कशाला हुडकताय? त्ये पिस्तूल पुढं फेकतंय. पुढच्या अंगाला बघा."

फायरिंगवर देखरेख करणाऱ्या साहेबांनी विचारलं, "कशावरून?"

आप्पांनी सांगितलं. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग, स्लाइड, मागे सरकतो आणि रिकामी पुंगळी त्यातल्या खिडकीतून बाहेर उडते. पुंगळी ओढणारा आकडा झिजला की ती रेंगाळते. तोवर स्लाइड पुढे परतते, खिडकीची मागची कड पुंगळीला लागते आणि ती पुढे भिरकावली जाते. त्या कडेला पितळ घासतं, पिवळा ओरखडा उमटतो. "सकाळच्या पयल्या फेरीनंतर बगितला म्या त्यो, साहेब. चांगला नखाएवढा हाय."

"दाखवा."

आप्पांनी हातातल्या तेलकट चिंधीकडे पाहिलं. तुकडी गवतात असताना त्यांनी सवयीप्रमाणे सगळी पिस्तुलं पुसून, तेल लावून ठेवली होती. पितळेचा तो थर तेलाच्या चिंधीनं सहज निघतो. साहेबांनी पिस्तूल उन्हात धरलं. कड काळी, स्वच्छ.

"मामा, तो तुमच्या गावाकडचा आहे ना?" साहेब एवढंच म्हणाले. आवाज चढलासुद्धा नाही.

पुढे शोधलं, तिथेही काही मिळालं नाही. बांधाखाली घुशींची बिळं होती.

आप्पांना निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. बत्तीस वर्षांत त्यांच्या नावावर एक शेरा नव्हता. ते सरळ माझ्या टेबलाशी आले. "माजा जबाब लिही. खूण हुती, आन् म्या पुसली."

मी लिहिलं, 'माझ्याकडून अनवधानाने पुसली गेली.' वाचून दाखवलं.

"अनवधानानं कशाला? चांगलं ध्यान दिऊन पुसलं म्या. लिही, आकडा झिजलेला ठाऊक असताना पिस्तूल न तपासता पुसलं."

"आप्पा, असं लिहिलं तर सगळं तुमच्यावर येईल."

"मग कुनावर येयाला पायजे? त्या पोरावर?"

दुसऱ्या दिवशी, तो जबाब फायलीला लागल्यावर, साहेबांनी चाचणीला तीन गोळ्या मंजूर केल्या. दोन पुंगळ्या पुढे गेल्या, एक मागे. कडेवर बारीकसा पिवळा डाग उमटला. साहेबांनी बोट फिरवून पाहिला आणि पिस्तूल माझ्या टेबलावर ठेवलं. हरवलेली पुंगळी कधीच मिळाली नाही.

शिपायावरचा रिपोर्ट रद्द झाला. आप्पांना लेखी ताकीद मिळाली, 'सदोष हत्यार वापरात दिल्याबद्दल'. ती टाइप करायला माझ्याकडेच आली. कार्बन घालून तीन प्रती काढल्या. 'सदोष' हा शब्द दोनदा चुकला, दोन्ही वेळा कागद बदलला. सहीला नेली तेव्हा आप्पा स्टुलावर बसून तोच आकडा बदलत होते. त्यांनी चष्मा शोधला नाही, वाचलं नाही. हात चिंधीला पुसून सही केली.

"त्याचं नाव यादीत ऱ्हायलं ना?" त्यांनी विचारलं.

"राहिलं."

"बरं," म्हणाले, आणि तिन्ही प्रती माझ्याकडे सरकवल्या. मी त्यांचा मुलगा आहे हे त्या घडीला मला कुठंही दाखवता आलं नाही. आवक-जावक नोंदवहीत क्रमांक टाकला आणि मूळ प्रत त्यांच्या हातात दिली.