सुभद्राबाईंचा ‘उतार’

सुभद्राबाईंवर मी पोटभर हसलो आहे. शेजारी म्हणून तो माझा हक्कच आहे. पण म्हणून बाहेरच्या कुणी हसायचं नाही! त्यांच्या त्या साहेबानं तर मुळीच नाही.

बाई मूळच्या भंडाऱ्याच्या, लखनौत एका सरकारी फिरत्या दवाखान्यावर नर्स. इंदिरा नगरात आमच्या भिंतीला भिंत. दवाखाना म्हणजे जीपमागे जोडलेलं चाकांवरचं घर. आत खाट, औषधांचं कपाट, स्टोव्ह. खेड्यात मुक्काम त्यातच. ते सगळं बाईंच्या ताब्यात, उभंही त्यांच्याच दारात. दौऱ्याआधी पदर खोचून त्या चाकांभोवती फिरायच्या, बोटांनी रबरावरचे तडे चाचपायच्या, हवा बघायला लावायच्या, समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळून घ्यायच्या.

मी कुंपणावरून विचारायचो, “काय सुभद्राबाई, लागते का नाडी?”

“टायरची लागते, मधुकरभाऊ. तुमचीच लागत नाही, रविवारी दहापर्यंत!”

चौऱ्याऐंशीच्या थंडीत त्यांनी साहेबाला सांगितलं, एका टायरला तडे गेलेत, बदलून द्या. साहेबानं काय करावं? वरचे लोक तपासणीला येणार म्हणून दोन्ही टायरांना काळा रंग फासला! वर म्हणतो कसा, “अब तो नए हो गए न, सिस्टर?” माणसं त्या गाडीत झोपतात हो, आणि हा मेकअप करतो!

आठवड्याभरात तोच टायर फुटला. चिनहटच्या अलीकडे, पुलाच्या चढणीवर. मी जीपमध्येच होतो. बायकोला लोणच्यासाठी चिनहटची चिनीमातीची बरणी हवी होती, म्हणून फुकटात निघालो होतो. बाई खाली उतरून चाकामागे लावायला विटा शोधू लागल्या. ड्रायव्हर रामसजीवन जोडणीच्या हुकाशी वाकला. ते पाहून बाई मागून ओरडल्या, “मागं उतार आहे! उतार! उतार!”

नेमका तेव्हाच एक ट्रक धडधडत गेला, त्यात निम्मं बोलणं बुडालं. रामसजीवननं मान वर केली, चेहरा कडू केला आणि सटकन हुकाची पिन ओढली. झालं! अख्खा दवाखाना मागे घरंगळत खड्ड्यातल्या शिसवीच्या झाडावर आदळला. बाईंनी वेळेवर बाजूला उडी मारली म्हणून वाचल्या. औषधाची बाटली एक धड राहिली नाही.

चौकशी ऑफिसच्या व्हरांड्यात झाली. मी साक्षीदार. साहेब म्हणाला, “सिस्टर ने खुद कहा, उतार। ड्राइवर ने उतार दिया। औरत के हाथ में गाड़ी देने का यही नतीजा है।” गाडी काढून घ्यायची आणि बाईंना कोठीत बँडेज मोजायला बसवायचं, हे त्यानं आधीच ठरवलेलं. रंगाबद्दल चकार शब्द नाही! हिंदीत ‘उतार’ म्हणजे ‘काढ’, म्हणून हा कांगावा! माझं डोकंच फिरलं.

“साहब, मराठी में उतार माने ढलान!” मी उठून ओरडलो.

“यह लखनऊ है जनाब, पूना नहीं।” आणि हसला मेला.

 तेवढ्यात रामसजीवननं हळूच विचारलं, “तो मैडम, आपने हमसे तू करके नहीं कहा था?”

“तू? आपसे?” बाई कडाडल्या. “इतने सालों में मैंने आपसे ‘उतारिए’ से नीचे कभी बात की है?”

बिचाऱ्याचा चेहरा पडला. “साहब, हमें वही चुभ गया था। सोचा, मैडम भी तू-तड़ाक पर आ गईं। गुस्से में पीछे देखा ही नहीं, पिन खींच दी। गलती हमारी है। और टायर आपने हमीं से रँगवाए थे, वह भी लिखवा लीजिए।”

दारातून आत जाताना ‘पहले आप’ करत ताटकळणारा तो साहेब! आज ‘पहले आप’ न करताच तडक आत गेला. कारकून छताकडे बघू लागला.

नवे टायर आले, गाडी बाईंकडेच राहिली. पण माफी? नाव नको! उलट फर्मान निघालं: कामावर फक्त हिंदीत बोलावं.

“घबराले की मराठीच येते तोंडातून,” बाई म्हणाल्या. “ती काय साहेबाला विचारून येणार?”

पुढच्या दौऱ्याला मी पुन्हा जीपमध्ये. बरणी राहिलीच होती ना. त्याच चढणीवर बाईंनी मुद्दाम गाडी थांबवली, मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि खणखणीत ओरडल्या, “उतार!”

रामसजीवन दोन्ही हातांत विटा घेऊन पळत आला, चाकांमागे ठोकून बसवल्या आणि मगच म्हणाला, “लगा दीं, मैडम।”